वस्त्रपुरवठा साखळीतील पारदर्शकता

शेतातला कापूस कपडा होऊन दुकानात येईपर्यंत ज्या ज्या हातांतून जातो, त्यांची नावे, ठिकाणे आणि कामाच्या अटी उघड करण्याची रीत. मागोवा ही तिची जुळी संकल्पना. हातातला सदरा कोणत्या गासडीतून, कोणत्या कारखान्यातून आला हे नोंदींवरून उलटे शोधता येणे म्हणजे मागोवा. पुरवठादारांची यादी जाहीर केली म्हणजे मागोवा लागतोच असे नाही.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक लोक मेले. तिथे कोणाचा माल शिवला जात होता, हे कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातली लेबले गोळा करून दाखवावे लागले. पुरवठादार जाहीर करा ही मागणी त्यानंतर जगभर जोर धरू लागली.

मुंबईत एकेकाळी ही साखळी एका कुंपणात मावत असे. गिरणगावातल्या मोठ्या गिरण्यांत सूतकताई, विणकाम, रंगाई एकाच आवारात चाले. यंत्रमाग भिवंडीकडे आधीपासूनच सरकत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर ही गळती वेगाने झाली. आज शिलाई धारावी, कुर्ला, साकीनाका इथल्या गाळ्यांत विखुरली आहे. निर्यातदाराच्या दप्तरी नाव एकाच पुरवठादाराचे असले, तरी तो कटिंग करून गठ्ठे ठेकेदाराला देतो, ठेकेदार काज-बटण तिसऱ्याकडून करून घेतो. कुर्त्याचे लोंबते धागे कापायचे काम पिशवीत भरून चाळीतल्या बायकांकडे जाते. पैसे नगावर, हिशेब ठेकेदाराच्या वहीत. कारखाना तपासायला आलेला माणूस हजेरीपट पाहतो, आग विझवायची नळकांडी मोजतो. ती पिशवी त्याला दिसत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आरी-जरदोजी या भरतकामाचेही तेच. ३० मार्च २०२३ रोजी दिओर या फ्रेंच ब्रँडने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला आणि मुंबईच्या भरतकामाला उघड श्रेय मिळाले. एरवी लाकडी अड्ड्यावर ताणलेल्या कापडाभोवती मांडी घालून बसलेल्या कारागिराचा उल्लेख लेबलावर नसतो. काही युरोपीय ब्रँडांनी २०१६ मध्ये अशा भरतकामाच्या कारखान्यांतल्या सुरक्षेसाठी ‘उत्थान’ नावाचा करार केला होता. तो कायद्याने बंधनकारक नव्हता.

कापसाचा माग जिनिंगमध्येच, म्हणजे सरकी वेगळी करतानाच, पुसट होतो, कारण अनेक शेतकऱ्यांचा कापूस तिथे एकाच ढिगात पडतो. २०२० मध्ये भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवल्याचे उघडकीस आले. ‘कस्तुरी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रमाणित भारतीय कापसाच्या गासडीवर आता क्यूआर संकेताची पट्टी असते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना पर्यावरण व कामगारांविषयीचा अहवाल सक्तीचा केला. गाळ्यातला ठेकेदार अर्थातच सूचिबद्ध नाही.

शाश्वततेची बाजू साखळीच्या दुसऱ्या टोकाला दिसते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण मुंबईकरांना ‘पुनर्वापर’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. सुती लुगड्याची गोधडी होई. कटिंगच्या चिंधीत मात्र आता सूत आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात मिसळलेले असतात, ते वेगळे करणे महाग पडते. निव्वळ सूत ओळखायचे तर काडी लावून पाहावे: सुताची भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी बनते.