राखीव क्वार्टरबॅकचे बाजारमूल्य

अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये मुख्य क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) जागी थोडे सामने खेळून चमकलेल्या राखीव खेळाडूला येणारी किंमत. करार संपला असेल तर तो मोकळा होतो, हव्या त्या संघाशी बोलणी करतो आणि पैसा त्यालाच मिळतो. करार शिल्लक असेल तर संघ त्याचा ट्रेड करतो, म्हणजे त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात बहुधा ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतली, एक निवड घेतो. आयपीएलसारखा उघड लिलाव इथे नसतो. भाव बंद दाराआड ठरतो.

भाव चढतो तो टंचाईमुळे. संघ ३२, पण भरवशाचे क्वार्टरबॅक तेवढे कधीच नसतात. ड्राफ्टमध्ये अगदी वरचे क्रमांक आदल्या हंगामात सपाटून हरलेल्यांना मिळतात. मधल्या फळीतल्या संघांना मग दुसऱ्याच्या बाकावरचा माणूस खुणावू लागतो.

मॅट फ्लिनचे उदाहरण सर्वांत बोलके. १ जानेवारी २०१२ रोजी ग्रीन बे पॅकर्सने मुख्य क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सला विश्रांती दिली, कारण त्यांचे अव्वल स्थान आधीच पक्के झाले होते. डेट्रॉइटविरुद्ध राखीव फ्लिनने पासांतून ४८० यार्ड अंतर कापून दिले, ६ टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्टीत पोहोचवून गुण मिळवण्याचे) पास फेकले आणि सामना ४५-४१ असा जिंकून दिला. सुरुवातीपासून खेळलेला हा त्याचा कारकिर्दीतला केवळ दुसरा सामना. मार्चमध्ये सिअॅटलने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला निवडले, आणि हंगामाआधीच्या सामन्यांत विल्सनने जागा पटकावली. फ्लिन पुन्हा बाकावर बसला, वर्षभरात त्याची ओकलंडला रवानगी झाली. त्याच्या पासांमागे पॅकर्सचे कसलेले रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, होते, हे खरेदीच्या घाईत कोण पाहतो?

विकणाऱ्या संघाने खेळाडूला रोज सरावात पाहिलेले असते. घेणाऱ्याच्या हाती मोजक्या सामन्यांच्या चित्रफिती. तरी विकणाराही कधी अडतो. २००८ च्या पहिल्याच सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचा मुख्य क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याचा गुडघा गेला आणि राखीव मॅट कॅसलने संघाला ११-५ (११ विजय, ५ पराभव) अशी कामगिरी करून दिली. कॅसलचा करार संपत होता. तो फुकट जाऊ नये म्हणून संघाने त्याच्यावर फ्रँचाइझ टॅग लावला. या टॅगमुळे खेळाडू वर्षभर रोखून धरता येतो, पण पगार त्या जागेच्या वरच्या श्रेणीतला द्यावा लागतो. ब्रेडी परतणार असताना पगारमर्यादेत (संघाच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेत) दोघांचा बोजा झेपणारा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. शेवटी कॅन्सस सिटीने कॅसल आणि अनुभवी माइक व्रेबल असे दोघे मिळून ३४ व्या क्रमांकाच्या एकाच निवडीत पदरात पाडून घेतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच पेट्रिअट्सनी राखीव जिमी गॅरोपोलोला दुसऱ्या फेरीच्या निवडीवर सॅन फ्रान्सिस्कोला दिले. तिथे त्याने सलग पाच सामने जिंकले आणि पाच वर्षांसाठी १३.७५ कोटी डॉलरचा करार मिळवला.

कराराच्या एकूण आकड्यापेक्षा हमीची, म्हणजे खेळाडूला काढले तरी द्यावी लागणारी, रक्कम पाहावी. मुख्य क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग जायबंदी असताना २०१५ मध्ये डेन्व्हरसाठी सात सामने खेळलेल्या ब्रॉक ऑसवायलरला ह्यूस्टनने ७.२ कोटी डॉलरचा करार दिला, त्यातले ३.७ कोटी हमीचे. एकाच हंगामात तो संघाच्या गळ्यातले लोढणे झाला. त्याला क्लीव्हलंडने घ्यावे म्हणून ह्यूस्टननेच त्यांना वर दुसऱ्या फेरीची निवड दिली. क्लीव्हलंडला खेळाडू नको होता, निवड हवी होती. त्यांनी हंगामाआधीच त्याला सोडून दिले.

हेच ह्यूस्टन २००७ मध्ये मात्र फायद्यात राहिले होते. अटलांटाच्या मॅट शॉबसाठी त्यांनी दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी दिल्या, पहिल्या फेरीतला क्रमांकही बदलून दिला. तेव्हा शॉब सुरुवातीपासून फक्त दोन सामने खेळला होता. २००९ मध्ये ४,७७० यार्ड फेकून तो लीगमध्ये पहिला आला.