सपिंड : हाताला चिकटलेल्या भाताचं नातं

गणपती तोंडावर आले आणि भावकीत कोणी गेलं, की कोकणातल्या घरात पहिला प्रश्न : आपल्याला सुतक किती? मूर्ती गणपतीच्या शाळेत रंगून तयार, तिच्यावर टांगायची माटवी अर्धी बांधलेली, आणि पडवीत जुनी माणसं बोटांवर पिढ्या मोजतायत. या मोजणीच्या मुळाशी असलेला शब्द म्हणजे 'सपिंड'.

समास सोपा : समान आहे पिंड ज्याचा तो. बहुव्रीही. घोडं अडतं ते 'पिंड' म्हणजे काय यापाशी.

श्राद्धात कर्ता बाप, आजा, पणजा यांचे भाताचे तीन पिंड दर्भावर ठेवतो. मग हाताला चिकटलेला भात त्याच दर्भाला पुसतो. तो पणज्याच्या वरच्या तिघांचा. शास्त्र त्यांना लेपभाक्, म्हणजे लेपाचे वाटेकरी, म्हणतं. तीन आणि तीन सहा, पिंड देणारा सातवा. 'सपिण्डता तु पुरुषे सप्तमे विनिवर्तते', सातव्या पुरुषापाशी सपिंडता संपते, असं मनुस्मृती सांगते. त्यापलीकडचे समानोदक, त्यांना नुसतं पाणी. नात्याची हद्द हाताच्या लेपावर ठरवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

विज्ञानेश्वराने मात्र 'मिताक्षरे'त, याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या टीकेत, पिंड म्हणजे देह असाच अर्थ लावला. तो चालुक्यांच्या कल्याणचा (ठाण्याजवळचं नव्हे, बीदरकडचं). बापाच्या शरीराचे अंश मुलात, आज्याचे बापाकडून, तसेच आईकडूनही आलेले, म्हणून सपिंड. बंगालात 'दायभाग' लिहिणारा जीमूतवाहन भाताच्या पिंडाला धरून राहिला आणि तिथला वारसाहक्क वेगळ्या वाटेने गेला. कोकण मिताक्षरेच्या बाजूचं. उत्तर कोकणच्या अपरादित्य या शिलाहार राजानेही १२व्या शतकात त्याच याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली.

लग्नासाठी याज्ञवल्क्याने आईकडून ५ आणि बापाकडून ७ पिढ्या वर्ज्य सांगितल्या. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने त्या ३ आणि ५ वर आणल्या, वर रूढीला सूटही ठेवली. मामेबहिणीशी लग्न जिथे रूढ, तिथे ते चालतं.

पडवीतली मोजणी कायद्याला विचारून होत नाही. तिथे अजून सातच. आणि माहेरवाशिणीला बापाचं सुतक ३ दिवस. देह बापाचाच ना, असं कोणी विचारलंच तर आजी म्हणते, "गोत्र बदललं गो तुझं."