उल्लासची नोंदणी: कागद थोडे, अडचणी भलत्याच ठिकाणी

गेल्या आठवड्यात आणखी एक मावशी उत्पन्नाचा दाखला घेऊन वर्गावर आल्या. सेतूत दोन हेलपाटे, तलाठ्याकडे एक, आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. साक्षरता वर्गात नाव घालायला दाखला लागतो, असं त्यांना शेजारणीनं सांगितलं होतं. लागत नाही. पण शेजारणीलाही काय बोलणार? संजय गांधी निराधारला एकवीस हजारांच्या आतला दाखला लागतो, शिवाय दरवर्षी हयात असल्याचा दाखला वेगळा. जिची पेन्शन अशा कागदांवर चालते, ती बाई सरकारी वर्गाला मोकळ्या हातानं कशी येईल?

तर सुरुवातीलाच सांगून टाकते. उल्लास म्हणजे मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणारी सरकारी योजना. तिच्या नोंदणीला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यातलं काहीही काढायची गरज नाही. नोंदणी करताना प्रवर्ग विचारतात, तो तोंडी सांगायचा. आधार कार्ड जवळ ठेवा, ते का ते पुढे येईलच. नोंदणीला फी नाही. कुणी मागितली तर देऊ नका.

पैशाचं

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, "किती मिळतात?" शिकणाऱ्याला काहीच मिळत नाही. शिकवणाऱ्यालाही नाही. जुन्या साक्षर भारत योजनेत गावात वर्ग चालवणाऱ्या प्रेरकांना महिन्याला दोन हजार रुपये मानधन होतं. ती योजना मार्च २०१८ मध्ये बंद झाली, पण गावागावांत लोकांच्या डोक्यात अजून तीच आहे. ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ ही नंतरची योजना, २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांची. एकूण तरतूद १०३७.९० कोटी, त्यात केंद्राचे ७०० कोटी, बाकीचे राज्यांचे. उद्दिष्ट पाच कोटी माणसांचं. भागाकार करून पाहा, डोई २०८ रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत, तेही पाच वर्षांत मिळून. छपाई, प्रशिक्षण, परीक्षा, सगळं त्यातच. रोजगार हमीवर जाणारी बाई वर्गासाठी एक दिवस घरी राहिली तर तिचे बुडतात त्याहून जास्त, पण तिची मजुरी कुठल्याच हिशेबात धरलेली नाही. म्हणून वर्ग संध्याकाळीच घ्या. दुपारचा वर्ग कागदावरच भरतो.

संस्थाचालक विचारतात, प्रस्ताव कुणाकडे द्यायचा? निधी केंद्राकडून राज्याकडे आणि राज्याकडून जिल्ह्याकडे जातो, आणि काम शाळेमार्फत होतं. तुमची संस्था वर्ग जरूर चालवू शकते, पण स्वयंसेवक म्हणून. वर्ग चालवायचं अनुदान संस्थेला मिळत नाही. खर्चासाठी कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी मागता येतो, शिक्षण हा विषय त्यात बसतो. त्यासाठी आयकराची १२ए आणि ८०जी, कंपनी खात्याची सीएसआर-१ नोंदणी आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. या गोष्टी बहुतेक संस्थांकडे असतात किंवा सीए करून देतो. गाडी अडते ती धर्मादाय कार्यालयातल्या बदल अर्जावर. विश्वस्त वारले, बदलले, कुणी राजीनामा दिला, की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. दिलेला नसतो. परिणामी परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादायच्या उताऱ्यावर, अध्यक्ष म्हणून जे नाव दिसतं, त्या गृहस्थांचं वर्षश्राद्धसुद्धा होऊन गेलेलं असतं, आणि ज्यांची सही प्रस्तावावर आहे ते कायद्याच्या नजरेत संस्थेचे कुणीच नसतात. पैसे मागायला निघण्याआधी परिशिष्ट एकची ताजी नक्कल काढा आणि त्यावरचे सगळे जिवंत आहेत ना, तेवढं बघा.

कोण बसतं

वय पंधरा पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. आमच्याकडे आजी आणि सून एकाच पाटीवर शिकतात.

प्रश्न येतो तो ‘दुसरीपर्यंत शिकलेल्यां’चा. शाळेत नाव होतं, चार-दोन महिने गेल्या, मग भाऊ सांभाळायला घरी राहिल्या. आज नाव लिहिता येत नाही, पण निरक्षरांच्या सर्वेक्षणाला आलेल्या गुरुजींनी विचारलं "शाळेत गेला होतात का?", यांनी खरं तेच सांगितलं, "हो", आणि नाव यादीतून गेलं. विचारायचं ते ‘शाळेत गेलात का’ हे नव्हे, ‘वाचता-लिहिता येतं का’ हे. वर्तमानपत्राचा मथळा पुढे धरला तर दोन मिनिटांत कळतं. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता. अशैक्षणिक कामं किती करायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण घाईघाईत केलेल्या याद्यांतून माणसं गळली हेही तितकंच खरं. तुमचं नाव गळलं असेल तर पुढच्या सर्वेक्षणाची वाट पाहू नका. जवळच्या शाळेत जाऊन नोंदवून घ्या.

आणखी एक भीती असते. "साक्षर झाले तर निराधार बंद होईल का?" नाही. निराधारच्या निकषांत निरक्षर असणं कुठेही नाही. हे मी वर्षाला पन्नासदा तरी सांगते. दरवेळी मान हलते, आणि विश्वास महिनाभरानं बसतो.

नोंदणी झाली म्हणजे झालं नाही

नोंदणी उल्लासच्या अ‍ॅपवर होते, शाळेच्या युडायस, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाखाली. शिकणाऱ्यानं स्वतः काही भरायचं नसतं, शिक्षक किंवा स्वयंसेवक भरतात. इथे सगळ्यात जास्त नावं गळतात ती दोन कारणांनी.

एक, वहीत लिहिलेलं नाव. गुरुजींनी वहीत घेतलं, रेंज नव्हती, "नंतर चढवतो" म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही. दोन, जोडणी. शिकणारी व्यक्ती नोंदवायची, स्वयंसेवक वेगळा नोंदवायचा, आणि मग दोघांना अ‍ॅपवर एकमेकांशी जोडायचं, ज्याला सगळे टॅगिंग म्हणतात. हे तिसरं काम राहून जातं. बाई चार महिने नियमित वर्गाला येते आणि अ‍ॅपच्या लेखी तिला कुणी शिकवतच नसतं. म्हणून नोंदणीनंतर आठवड्यानं शाळेत जाऊन मोबाइलवर आपलं नाव आणि त्यापुढे स्वयंसेवकाचं नाव, दोन्ही दाखवायला सांगा. वाचता येत नसेल तर नातवाला सोबत न्या. हो-हो वर विश्वास ठेवू नका. सांगणारा खोटं बोलत नसतो, फक्त त्याच्या डोक्यावर तेव्हा आणखी पाच याद्या असतात.

आधार लागतं ते इथे. प्रमाणपत्रावर नाव नोंदणीतलंच छापून येतं. घरी लक्षुमी, आधारवर लक्ष्मीबाई, आणि बँकेत अजून माहेरचं आडनाव, अशी एकच बाई तीन ठिकाणी तीन असते. आधार समोर धरून अक्षर न् अक्षर तसंच घाला. जन्मतारीखही तीच. खूप जणींच्या आधारवर १ जानेवारी आहे, कारण तारीख माहीत नव्हती आणि अंदाजानं वय सांगितलं होतं. "खरं वय जास्त आहे" म्हणून इथे दुसरंच घालू नका. पासष्टीला श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज करताना दोन कागदांवर दोन वयं निघाली, तर ते निस्तरायला वर्ग नाही, तहसील लागतं.

परीक्षा

तिचं पूर्ण नाव पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी. राज्यात पहिली १७ मार्च २०२४ ला झाली, पुढची २३ मार्च २०२५ ला, दोन्ही रविवारी. केंद्र म्हणजे बहुधा जिथे नोंदणी झाली तीच शाळा. सकाळी दहा ते पाच या वेळात आपल्या सोयीनं यायचं आणि तीन तास घ्यायचे. दिव्यांगांना अर्धा तास जास्त. सोबत एक फोटो आणि आधार, मतदान ओळखपत्र, पॅन, बँक पासबुक यातलं कुठलंही एक. चारही झेरॉक्स करून आणू नका.

तारखेचा घोळ असा होतो की लोक परीक्षेच्या दिवशी नोंदणीला येतात. योजना २०२७ पर्यंत आहे म्हणून नाव केव्हाही घालता येईल, अशीही समजूत असते. परीक्षेला बसायचं तर नोंदणी आणि जोडणी त्याआधी झालेली हवी. आणि मार्च महिना ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुळावर येतो. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या गाडीत बसतात ती उन्हाळ्यातच परततात. ही तारीख ठरवणाऱ्याच्या घरचं कुणी कोयता घेऊन गेलेलं नसावं. अशा घरांनी निघण्याआधी शाळेशी बोलून ठेवावं आणि पुढच्या चाचणीत नाव राहील याची खात्री करून घ्यावी. बसता आलं नाही म्हणून केलेली नोंदणी वाया जात नाही.

गुण दीडशे: वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. उत्तीर्ण व्हायला तेहतीस टक्के. इथं चूक होते. एकूण ५१ झाले की सुटलो असं नाही, प्रत्येक भागात १७ हवेत. कमी पडले तर वाढीव गुण देतात, पण तिन्ही भाग मिळून जास्तीत जास्त पाच. समजा वाचनात ४५, लेखनात ४० आणि संख्याज्ञानात ११ पडले, तर अकरा अधिक पाच सोळा, एका गुणानं राहिलं. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण संख्याज्ञानातच जास्त अडतं. बाजारात ज्या बाईला किलोच्या भावावरून सव्वापावाचे पैसे चुटकीसरशी सांगता येतात, तिला तोच हिशेब उभ्या मांडणीत हातचा घेऊन करता येत नाही. वर्गात बाराखडीवर महिने जातात आणि वजाबाकी शेवटच्या पंधरवड्यावर ढकलली जाते. उलटं करा, हिशेब पहिल्या आठवड्यापासून घ्या. त्यात त्यांचा हात आधीच बसलेला असतो, बाकीच्याला मग धीर येतो.

कमी गुणांना गुणपत्रकावर ‘सुधारणा आवश्यक’ असं लिहितात, नापास नव्हे, आणि पुन्हा बसता येतं.

कुठल्याच परिपत्रकात ठळक न दिसणाऱ्या दोन वस्तू आहेत. पहिली पेन. पेपर निळ्या किंवा काळ्या पेननंच लिहायचा, आणि आम्ही शिकवतो पाटीवर, फार तर पेन्सिलीनं. पहिल्या वर्षी आमच्या एक आजी गुळगुळीत कागदावर बॉलपेन घसरतोय म्हणून अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. दुसरी चष्मा. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही. "डोक्यात शिरत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणींना मुळात ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसतच नसतात. वर्ग सुरू करण्याआधी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून आणा.

पुढे काय

या प्रमाणपत्रानं कुणाला नोकरी लागणार नाही, आठवी उत्तीर्ण असंही होत नाही. अंगणवाडी मदतनीस वगैरे जागांसाठी कुणी तसं सांगत असेल तर जाहिरातीतली पात्रता स्वतः वाचा, आता वाचता येतं. आठवीची समकक्षता हवी तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तीन स्तर आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातूनही पाचवी-आठवी देता येते.

आणि एक जागा आहे, बँक. सही येऊ लागली की पहिल्याच महिन्यात बायका पेन्शनच्या स्लिपवर सही करतात आणि स्लिप परत येते, कारण बँकेच्या नोंदीत अंगठा असतो. आमच्या एक मावशी अशाच परत आल्या, काउंटरवरचा म्हणाला, "इथं तुमचा अंगठा आहे, ही सही कुणाची?" त्यांचीच होती. त्या दिवशी त्यांनी सहीशेजारी अंगठा उमटवून पैसे घेतले. घाई करू नका. आधी दोन-तीन महिने एकच सही गिरवा, रोज वेगळं वळण नको. मग ज्या शाखेत खातं आहे तिथं स्वतः जा, त्या महिन्याची पेन्शन काढून झाल्यावर. सोबत पासबुक, आधार, फोटो आणि नमुना सही बदलण्याचा अर्ज. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागा. मावशींनी पुढच्या महिन्यात तसंच केलं. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, ‘शाखाधिकारी’तला ‘धि’ ऱ्हस्व की दीर्घ हे मला दोनदा विचारून. फोटो दोन लागले.