पुस्तक नंतर छापू, आधी वही आणा

लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी, आमच्या दुकानाकडून

दहावी-बारावीचे निकाल लागले की अमळनेरच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. वडील पुढे, मुलगा किंवा मुलगी दोन पावलं मागे, हातात दोनशेपानी वही. "मना पोऱ्या कविता लिखस. पुस्तक छापानं शे. किती पैसा लागतीन?"

आम्ही कागदाचा भाव सांगत नाही. पोराला विचारतो, कितवीत आहेस? अकरावी म्हटलं की वही चाळतो, दोन कविता वाचतो आणि पुस्तक छापू नका म्हणून सांगतो. वडिलांना वाटतं, दुकानदार पैशासाठी आढेवेढे घेतोय. मागे झेरॉक्सची रांग असते, समजावून सांगायला वेळ मिळत नाही. म्हणून हे लिहून ठेवलं. घरी न्या, सावकाश वाचा.

आमचं म्हणणं एवढंच: लेखक व्हायचं असेल तर पदवीच्या आधीची, नववी ते बारावीची चार वर्षं पुस्तकासाठी नाहीत, वहीसाठी आहेत.

वही कशी ठेवायची

प्रत्येक पानावर तारीख टाका. खोडलेलं खोडलेलंच राहू द्या, पान फाडू नका. नववीत लिहिलेली कविता अकरावीत पुन्हा लिहिली तर दोन्ही ठेवा. पुढे कुठल्याही प्राध्यापकाला किंवा संपादकाला तुमच्यात काय बदल झाला हे त्या दोन पानांवरून जेवढं कळेल, तेवढं गुणपत्रिकेवरून कळणार नाही. कथा लिहिता येत नसेल त्या दिवशी ऐकलेलं लिहा. एसटी स्टँडवर दोन बायका कापसाच्या भावावरून काय बोलल्या, आजीनं भरिताची वांगी निवडताना काय पुटपुटलं, जसंच्या तसं. अहिराणीत असेल तर अहिराणीत. मुलं आम्हाला विचारतात, शुद्ध करून लिहू का? नको. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. ज्याच्या कानावर हे दोन्ही अर्थ लहानपणापासून पडले आहेत, त्याच्याकडे पुण्याच्या मुलाकडे नसलेलं काहीतरी आहे.

टिपून ठेवल्यानं काय वाचतं, याचं उदाहरण जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंचं आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचत गेली आणि मुलगा सोपानदेव व घरचं एक माणूस ती टिपून ठेवत गेले. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं गाणी छापली गेली. टिपून ठेवणारं कोणी नसतं, तर आज जळगावच्या विद्यापीठाला द्यायला ते नाव कोणाला ठाऊक असतं?

दुसरं उदाहरण आमच्याच गावचं, आणि धंद्याच्या दृष्टीनं अजिबात न परवडणारं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, तेही हातानं लिहून. ना छपाई, ना बाईंडिंग. आमच्यासारख्याला त्यात एक रुपया मिळाला नसता. पण रोज लिहायची आणि दुसऱ्या दिवशी वाचणारा समोर भेटायची शिस्त त्यात होती. वर्गातले चार जण मिळून महिन्याला आठ पानांचं हस्तलिखित काढा. त्याच्या दहा झेरॉक्स आम्ही काढून देऊ.

टायपिंग: इथे आमचं जरा जास्त ऐका

मोबाईलवर कादंबरी लिहिणारी मुलं वाढली आहेत. लिहा, हरकत नाही. पण गेल्या पावसाळ्यात एक मुलगा रडवेला होऊन आला, फोन पाण्यात पडला होता आणि सात प्रकरणं त्यातच होती. आठवड्यातून एकदा स्वतःलाच मेल करायला पैसे पडत नाहीत. फाइलच्या नावात तारीख टाका. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशी नावं आम्ही रोज पाहतो आणि त्यातली खरी कुठली हे लेखकालाही सांगता येत नाही.

मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा फोनवर ती तशीच दिसते. आमच्यासारख्या दुकानांत वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये काम चाललं. त्यातला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. संपादक तो दुरुस्त करत बसत नाही, फाइल बंद करतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे थेट मराठी अक्षरांच्या कळांची मांडणी, शिका, उन्हाळ्याच्या एका सुट्टीत हात बसतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची पद्धत सोपी वाटते, पण 'दुसऱ्या' लिहायला गेलं की 'दुसर्या' होतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक आहे. पहिले प्रवचन देतात, दुसरे लग्नात वरणबट्टी करतात. आमच्याकडे आलेल्या दहा फाइलींपैकी बहुतेक फाइलींत ही चूक असते.

मराठी साहित्य महामंडळाचे मराठी लेखनाचे नियम अठराच आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. एका रविवारी वाचून होतात. बोलीतला संवाद त्या नियमांत बसवू नका, निवेदन मात्र बसवा. शब्दासाठी अडलात तर मोल्सवर्थचा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.

अकरावीचा फॉर्म आणि घरातलं भांडण

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम देता येतात. आमच्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्यांत हे भांडण हमखास होतं: मुलगी आर्ट्स म्हणते, काका सायन्स म्हणतात.

आम्ही दुकानदार, त्यात पडत नाही. एवढंच सांगतो की बारावी सायन्स करून पुढे बी.ए.ला जाता येतं, उलटा रस्ता जवळपास बंद असतो. आणि लेखक होण्यासाठी मराठीच घ्यायला हवं असं कुठे आहे? सांगवीचे भालचंद्र नेमाडे, २०१४ चा ज्ञानपीठ मिळालेले, यांनी कॉलेजांत इंग्रजी शिकवलं. जळगावपासून जवळच असलेल्या पळसखेडच्या कवी ना. धों. महानोरांनी शेती केली. पोट कशावर भरायचं आणि लिहायचं काय, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की घरातलं भांडण निम्मं मिटतं. उरलेल्या निम्म्याचं तुमचं तुम्ही बघा.

पदवीसाठी कॉलेज निवडताना इमारत बघू नका, तीन गोष्टी विचारा. तुमचा विषय मेजर (मुख्य विषय) म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात का, की मुलं कमी म्हणून मध्येच बंद करतात? कॉलेजचं वार्षिक नियतकालिक शेवटचं कोणत्या वर्षी निघालं? आणि ग्रंथालयात विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाऊ देतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मिळत नाही, जाऊन बघावं लागतं. अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मू. जे. (मूळजी जेठा), दोन्ही कॉलेजं १९४५ ची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे येतात आणि त्याच्या 'युवारंग' महोत्सवात साहित्याच्याही स्पर्धा असतात. इतिहासावर लिहायची ओढ असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कॉलेजला जायच्या आधीच एक चक्कर मारा. जुनी कागदपत्रं डोळ्यांनी पाहिली की शाळेतला इतिहास आणि खरा इतिहास यांतलं अंतर कळतं.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची झाली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं की ऑनर्स. दिल्ली, बनारस, हैदराबाद इथल्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, हे खानदेशातल्या फार थोड्या मुलांना माहीत असतं.

छापून यायची घाई

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक ठोमरे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्यानं कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ते नाव कायमचं चिकटलं. तेव्हा त्याच्या हातात पुस्तक नव्हतं, कविता होती.

आता मुलांना मोबाईलवर जाहिरात येते: सहलेखक व्हा, शंभर लेखकांचं पुस्तक, प्रमाणपत्र आणि पदक. बारावीच्या एका मुलीनं असे पैसे भरले. दोन कविता छापल्या गेल्या, त्यातल्या एकीखाली दुसऱ्याच कवयित्रीचं नाव, आणि स्वतःची प्रत पुन्हा पैसे देऊन घ्यावी लागली. ती प्रत घेऊन ती आमच्याकडे नाव दुरुस्त करून मिळेल का म्हणून आली होती. प्रमाणपत्र छापायला काय खर्च येतो हे आम्हाला विचारा, आम्ही रोज छापतो.

जिथं लेखकानंच पैसे भरायचे असतात, तिथं निवड होत नसते. शाळेचं नियतकालिक, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची रविवार पुरवणी, दिवाळी अंक इथं पाठवा. दिवाळी अंकाचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, म्हणून मे-जूनमध्ये पाठवा. नवरात्रात पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची समजा. नकार आला तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. उत्तरच आलं नाही, तर तेही.

कायद्याचं थोडक्यात. लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिता क्षणी लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. अठरा वर्षांखालील मुलाला कायद्यानं करार करता येत नाही. म्हणून मुलाला परस्पर कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका, कागद आधी पालकांनी वाचायचा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द दिसले तर वकिलाला दाखवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, सरकारी यंत्रणा देते. त्याचे पैसे मागणाऱ्याला हे आमच्या नावानं सांगा.

खऱ्या योजनाही आहेत, त्यांच्यावर डोळा ठेवा. केंद्र सरकारची पीएम-युवा योजना २०२१ मध्ये सुरू झाली, नॅशनल बुक ट्रस्ट ती चालवतं. तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, मराठीतही लिहिता येतं. निवड झाली तर सहा महिने दरमहा पन्नास हजार रुपये आणि मार्गदर्शक मिळतो. तिथं पुस्तकाचा आराखडा आणि नमुना प्रकरणं मागतात, म्हणजे पुन्हा वहीच कामाला येते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. आणि नीट लक्ष द्या: स्वतः घाईनं छापलेल्या पुस्तकावर 'पहिलं पुस्तक' ही संधी उडून जाऊ शकते. आम्ही गिऱ्हाईक परत पाठवतो त्याचं हेही एक कारण आहे.

तरी छापायचंच असेल तर

ऑफसेटवर प्लेट आणि मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजाराला. त्यामुळे "थोड्या जास्त काढा, स्वस्त पडतील" असं कोणीही सांगतं, आणि ते खरंही असतं. पण मग चारशे प्रती पलंगाखाली जातात आणि वाळवीच्या तोंडी लागतात. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या गावात साहित्य संमेलन झालं, तेव्हा पुस्तकांचे स्टॉल सगळ्यांनी पाहिले. नवख्या कवींचे गठ्ठे किती आले आणि त्यातले किती तसेच बांधून परत गेले, हेही आम्ही पाहिलं.

त्यापेक्षा बारावीच्या शेवटी वहीतल्या उत्तम वाटणाऱ्या बारा-पंधरा गोष्टी किंवा कविता काढा. छपाईत सोळा पानांच्या गठ्ठ्याला एक फॉर्म म्हणतात, म्हणून पानं सोळाच्या पटीत धरा: बत्तीस पुरे. डिजिटल प्रिंट, सेंटर पिन (मधोमध घडीवर पिना), वर साधं कार्ड. पंचवीस प्रती. शिक्षकांना, मित्रांना, आजीला द्या, आणि एक प्रत कॉलेजच्या प्रवेशाच्या फाइलीत ठेवा. या कामाचा दर भिंतीवरच्या फळ्यावर लिहिला आहे. मजकुराची पहिली प्रूफं लेखकानं स्वतः तपासायची, आईवडिलांनी नाही. चुका शोधायचं शिक्षण फुकट मिळतं.

येताना पेन ड्राइव्ह आणि वही दोन्ही आणा. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात आमचं मशीनही काम करत नाही. सखाराम महाराजांच्या यात्रेत रथाच्या दिवशी कोणी नसतं, आम्ही सगळे बोरी नदीच्या काठी असतो. बाकी दिवशी संध्याकाळी सातनंतर या. तेव्हा झेरॉक्सची गर्दी ओसरलेली असते आणि दोन कविता बसून वाचता येतात.