आभासी नेटवर्क इंटरफेस : चालू स्थलांतरातील हाताळणी

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) बंद न करता एका यजमान संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याच्या क्रियेस चालू स्थलांतर किंवा लाइव्ह मायग्रेशन म्हणतात. या क्रियेत मशीनच्या नेटवर्क इंटरफेसची दोन अंगे वेगळी होतात. पाहुण्या प्रणालीला (मशीनच्या आत चालणाऱ्या कार्यप्रणालीला) दिसणाऱ्या कार्डाची अवस्था, म्हणजे मॅक पत्ता (कार्डाची ओळख), रजिस्टरे व पॅकेटांच्या रांगांमधील स्थाने, ही स्मृतीबरोबर नव्या यजमानाकडे जाते. यजमानाकडील टोक (उदा., लिनक्सवरील टॅप हा आभासी इंटरफेस) मात्र जात नाही. नव्या यजमानावर तसेच दुसरे टोक आधी तयार करून तेथील ब्रिजला (सॉफ्टवेअरमधील स्विचला) जोडतात व काम झाल्यावर जुने काढून टाकतात. आयपी पत्ता आणि टीसीपी जोडण्या पाहुण्याच्या स्मृतीतच असल्याने आपोआप टिकतात. मधल्या क्षणात हरवलेली पॅकेटे टीसीपी पुन्हा पाठवते.

चालू स्थलांतराचा उगम नेमका कोणाकडे जातो याविषयी एकवाक्यता नाही. स्मृतीची पाने मशीन चालू असतानाच आगाऊ पाठवण्याची कल्पना स्टॅनफर्डच्या ‘व्ही’ प्रणालीत १९८५ च्या सुमारास आढळते, पण तेथे स्थलांतर प्रक्रियेचे होते, संपूर्ण मशीनचे नव्हे. कोपनहेगन येथील नोमॅडबायोस (सु. २००२) आणि व्हीएमवेअरचे व्हीमोशन (२००३) हे दोन्ही अग्रक्रमाचे दावेदार ठरतात. झेन या हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) प्रणालीवरील केंब्रिज-कोपनहेगन गटाचा २००५ चा निबंध त्यांच्या नंतरचा असला, तरी नेटवर्कच्या प्रश्नाची उघड चर्चा त्यात असल्यामुळे प्रस्तुत विषयापुरता तोच आधारभूत धरणे सोयीचे. क्वेक ३ खेळाचा सर्व्हर खेळाडू जोडलेले असतानाच हलवताना सु. ६० मिलिसेकंदांचा खंड पडल्याची नोंद त्यात आहे.

मशीन हलले तरी स्विचच्या तक्त्यात तिचा मॅक पत्ता जुन्याच पोर्टवर नोंदलेला असतो. ही नोंद आपोआप कालबाह्य होण्यास सामान्यतः ३०० सेकंद लागतात. तोवर मशीनने स्वतः काही पाठवले नाही, तर तिच्याकडे येणारी पॅकेटे जुन्या यजमानाकडेच जात राहतात. म्हणून नव्या जागेची घोषणा करावी लागते. झेनच्या निबंधात यासाठी न मागता दिलेले एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याचा संकेत) उत्तर सुचवले आहे. मात्र तोतयेगिरी टाळण्यासाठी काही राउटर अशी उत्तरे नाकारतात, हेही तेथेच नमूद आहे. क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारे आणखी एक सॉफ्टवेअर) व व्हीएमवेअर यांनी आरएआरपी (१९८४) या, मॅक पत्त्यावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या, जवळपास विस्मृतीत गेलेल्या संकेताची चौकट (फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरील संदेश) वापरली. हायपरव्हायजरला पाहुण्याचा आयपी पत्ता ठाऊक नसतो आणि या चौकटीत तो लागतही नाही. मॅक पत्ता तोच राहत असल्याने शेजाऱ्यांच्या एआरपी नोंदी बदलाव्या लागत नाहीत, केवळ स्विचला जाग आणली की पुरते. हा युक्तिवाद बहुतांशी बरोबर असला, तरी पाहुण्याने आतच व्हीलॅन (टॅगने वेगळी केलेली आभासी उपनेटवर्के) केले असतील, तर बाहेरून सोडलेली बिनटॅगची चौकट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०१२ च्या सुमारास लिनक्सच्या व्हर्टिओ-नेट (आभासी नेटवर्क कार्डाच्या) ड्रायव्हरमध्ये आलेली सोय यावर अधिक समाधानकारक वाटते : उपकरण एक स्थितीबिट उंचावते, पाहुणा आपल्या सर्व इंटरफेसांवरून स्वतः घोषणा करतो व पोच देतो.

क्यूईएमयूमध्ये घोषणेच्या मूळ मांडणीनुसार पाच फेऱ्या असतात. पहिले अंतर ५० मिलिसेकंदांचे असून पुढील प्रत्येक १०० ने वाढते, म्हणजे सारे जेमतेम सेकंदभरात आटोपते. याउलट स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचांच्या जाळ्यातील चक्रे टाळणाऱ्या योजनेत) नव्या पोर्टला ऐकणे व शिकणे या टप्प्यांत प्रत्येकी १५ सेकंद थांबावे लागते. टोक ऐन वेळी जोडले गेले, तर सर्व फेऱ्या या काळात वाया जातात. ‘स्थलांतर यशस्वी, पण अर्धा मिनिट पिंग नाही’ या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

एसआर-आयओव्हीद्वारे (एका प्रत्यक्ष कार्डाचे भाग अनेक मशीनांना देण्याच्या सोयीद्वारे) थेट दिलेल्या कार्डाची गोष्ट निराळी. त्याची अवस्था हार्डवेअरमध्ये असते आणि ते हायपरव्हायजरच्या नकळत स्मृतीत लिहिते, त्यामुळे बदललेली पाने ओळखणे अवघड जाते. यावर २००८ मध्ये मांडलेला तोडगा असा : थेट कार्ड व आभासी कार्ड यांची जोडी बाँडिंगने (दोन कार्डे एकच म्हणून वापरण्याच्या सोयीने) बांधावी, स्थलांतरापूर्वी थेट कार्ड काढून घ्यावे व नंतर नवे द्यावे. लिनक्स ४.१८ (२०१८) मधील नेट-फेलओव्हर हे त्याचेच सुधारित रूप असून त्यात दोन्ही कार्डांना एकच मॅक पत्ता असतो. कार्डाची अवस्थाच वाचून हलवण्याचा मार्ग २०२२ मध्ये व्हीएफआयओच्या (मशीनला उपकरण थेट देण्याच्या लिनक्समधील सोयीच्या) नव्या मांडणीने खुला झाला, पण त्यासाठी कार्डाचाही पाठिंबा लागतो.

व्हीएक्सलॅनसारख्या आच्छादित (प्रत्यक्ष नेटवर्कवर रचलेल्या आभासी) नेटवर्कमध्ये मॅक पत्ता कोणत्या यजमानामागे आहे हे नियंत्रकाला किंवा ईव्हीपीएनला (मॅक पत्त्यांची माहिती सर्वत्र पोचवणाऱ्या संकेताला) कळवावे लागते. ईव्हीपीएनमध्ये (२०१५) प्रत्येक हालचालीस क्रमांक दिला जातो व मोठ्या क्रमांकाची नोंद ग्राह्य धरतात.