चकवा आणि मृगजळ: पिक्सी कुठली, मिराज कुठली?

दोघी मार्व्हल कॉमिक्समधल्या, दोघी प्रोफेसर झेव्हियरच्या, म्हणजे उपजत अद्भुत शक्ती असलेल्या मुलांच्या शाळेत शिकलेल्या, आणि दोघींची ओळख एकाच वाक्यात उरकली जाते: "नाही ते दिसायला लावते." घोळ तिथेच होतो. नाही ते कुणाला दिसतं, आणि ते येतं कुठून? उत्तर त्यांच्या नावांतच आहे.

पिक्सी म्हणजे मेगन ग्विन. वेल्समधल्या एका काल्पनिक खाणगावातली मुलगी. गुलाबी केस, काळेभोर डोळे, पाठीवर पंख. कॉमिकमध्ये आली २००४ साली. ती चमचमती भुकटी उडवते, आणि ज्याच्यावर ती पडते त्याला भास होऊ लागतात. इंग्लंडमधल्या डेव्हन-कॉर्नवॉलच्या लोककथांत पिक्सी, म्हणजे खोडकर बुटक्या पऱ्या, वाटसरूला माळावर गरगर फिरवतात. सुटका हवी तर कोट उलटा करून घालायचा. चकव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको. चकवा लागलेला रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच वडाखाली पोचतो. लांबून बघणाऱ्याला मात्र वाट सरळच दिसत असते. पिक्सीचंही तेच: चौघांतल्या एकावर भुकटी पडली, तर किंचाळतो तो एकटा. बाकीचे तिघे विचारतात, "अरे, झालं काय?"

मिराज म्हणजे डॅनिएल मूनस्टार, अमेरिकेच्या कोलोरॅडोतली, शायेन या मूळ रहिवासी जमातीची मुलगी, १९८२ पासूनची. (आधी तिचं टोपणनाव सायकी होतं, मिराज नंतर.) मिराज म्हणजे मृगजळ. आता मृगजळ हा डोक्यातला खेळ नव्हे. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो आणि रस्त्यावर पाणी दिसतं. एसटीतल्या सगळ्यांना दिसतं, त्याचा फोटोसुद्धा निघतो. डॅनी समोरच्याच्या मनातली सगळ्यात मोठी भीती किंवा इच्छा ओढून काढते आणि तिची प्रतिमा उभी करते. आजूबाजूचेही ती बघतात. पुन्हा तेच चौघे घ्या: भीती एकाची, पण चौघेही तिच्याकडे बघत उभे. मला हे भुकटीपेक्षा कितीतरी क्रूर वाटतं. भास ओसरला की माणूस हसून सोडून देईल, पण चारचौघांत उघडी पडलेली भीती परत झाकायची कशी? सुरुवातीला तर डॅनीला यावर ताबाच नव्हता.

जादूचा हिशोब वेगळा. पिक्सीची भुकटी उपजत. जादू तिच्याकडे पुढे, २००७ च्या कथेत आली. तिच्या आत्म्याच्या तुकड्यातून खंजीर घडला, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा मंत्रही ती शिकली. पुढे तिचा बाप निघाला मास्टरमाइंड, १९६४ पासूनचा एक्स-मेनचा (झेव्हियरच्या महानायकांच्या संघाचा) मायावी शत्रू. म्हणजे नजरबंदी घराण्यातच होती म्हणायची! डॅनीची प्रतिमा जादूची नाही, मनःशक्तीची.

मग डॅनीच्या कथेतलं ते गाजलेलं राक्षसी अस्वल? १९८४ च्या कथेत ते डॅनीनं उभं केलेलं चित्र नाही. ते स्वतंत्र, खरंखुरं संकट आहे. २०२० च्या 'द न्यू म्युटंट्स' चित्रपटात मात्र ते तिच्याच शक्तीतून बाहेर येतं. त्यामुळे फक्त चित्रपट पाहिलेला आणि फक्त कॉमिक वाचलेला असे दोघे वाद घालायला बसले, तर दोघेही बरोबर असतात.