कानातली धडधड तेलाने जात नाही

कानात धडधड ऐकू आली, की ‘कानात वारं शिरलंय, लसणाचं कोमट तेल सोड’ हा सल्ला जळगाव-धुळ्याकडे घरोघरी मिळतो. तेल पडद्यापाशीच थांबतं. पडद्याला भोक असेल तर संसर्गाची भीती वेगळीच. मनगटावर नाडी धरून पाहा. आवाज ठोक्याशी जुळला, तर तो बहुधा कानाजवळून वाहणाऱ्या रक्ताचा असतो: मेंदूतली शीर अरुंद झालेली, धमनी थेट शिरेला जोडली गेलेली, मानेतली धमनी आकसलेली, कधी नुसता रक्तक्षय. ‘सवय करून घ्या’ हे तपासणीआधी सांगणं मला तर बेजबाबदार वाटतं, कारण यातली काही कारणं बरी होतात. तोवर रात्री कूलरची घरघर (आपल्या उन्हाळ्यात ती असतेच) आवाज थोडा झाकते. सोबत डोकेदुखी किंवा नजर धूसर असेल, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. एमआरआय, अँजिओग्राफी लागू शकते.